अंग चोरणं

गेल्या चौदा एप्रिलला आमच्या वस्तीत आम्ही पथनाट्य केलं. शिट्ट्या पडल्या, टाळ्या पडल्या, पोरांनी खांद्यावर घेतलं. रात्री घरी आलो तर आजी ताट झाकून बसलेली. म्हणाली, "चांगलं केलासा. पर त्यो म्हातारा कोण व्हता रं? आसला म्हातारा म्या आमच्यात कवा बघितला न्हाई."

तो म्हातारा मी होतो. गावकीचं काम करणारा म्हातारा. पाठीला कुबड, गुडघे लटलटतायत, हात जोडलेले, तोंडात "जोहार मायबाप". पाटील झालेला पोरगा ओरडला की मी आणखी वाकायचो. जेवढा वाकलो तेवढी पहिल्या रांगेतली बारकी पोरं हसत होती. खोटं कशाला बोलू, मला ते हसणं आवडत होतं. पब्लिक पकडलंय असं वाटत होतं. आजीनं विचारलं तेव्हा टाळकं ठिकाणावर आलं. पोरं कुणाला हसत होती? स्वतःच्या खापरपणज्याला. आणि त्यांना हसवायला आम्ही निळे झेंडे लावून, वर्गणी गोळा करून, माइक भाड्यानं आणून जमलो होतो.

या लेखात त्या हसण्याची चौकशी करायची आहे. आधी माझी, मग आपल्या सगळ्यांच्या पथनाट्यांची, जमलं तर एका सिनेमाची आणि एका मेलेल्या नाचमास्तराचीही. मी काही शिकलेला समीक्षक नाही. इचलकरंजीजवळच्या एका सूतगिरणीत रिंग खात्यात सायडर आहे. बारावीनंतर जे वाचलं ते नाइट पाळीनंतर, डोळे चोळत वाचलं. चुकलं तर तोंडावर सांगा.

दोन वर्षांपूर्वी मी शहरात तीन दिवसांच्या अभिनय शिबिराला गेलो होतो. रजेचे पैसे कापून घेऊन गेलो. तिथं एका मास्तरांनी फळ्यावर आठ शब्द लिहिले. रुडॉल्फ लाबान नावाच्या माणसाचे. त्याचं म्हणणं असं, की माणसाची हालचाल म्हणजे नुसता हात वर गेला, पाय पुढं पडला एवढंच नसतं. त्यात जोर किती आहे ते बघा. झटक्यात झाली का सावकाश, ते बघा. नेमकी एका ठिकाणी चालली आहे का वेडीवाकडी पसरत, ते बघा. आणि ती मोकळी वाहते आहे का आवळून धरलेली, हेही बघा. पहिल्या तीन गोष्टींची जुळणी केली की आठ जाती होतात. (जाती म्हणजे प्रकार. आपल्याला हा शब्द ऐकला की लगेच अंगावर येतो, म्हणून सांगितलं.) जोर आहे, झटका आहे, नेम आहे, तर तो ठोसा. नेम काढून घेतला तर फटकारा. जोर तसाच ठेवून सावकाश केलं तर दाब, आणि तेच वेडंवाकडं केलं तर पिळणं. जोर काढून हलकं केलं की टिपणं, झटकणं, सरकणं, तरंगणं. बस्स. मराठी शब्द माझे आहेत, फळ्यावर इंग्रजी होते.

मला हे भयंकर आवडलं. च्यायला, आई धुणं पिळते, मुकादम बोटानं हवेत ठोसे मारत बोलतो, सगळं डोळ्यासमोर आलं. मग मास्तरांनी एकेकाला उठवलं. कॉलेजच्या पोरींना तरंगायला लावलं. माझी पाळी आली तर म्हणाले, "तू ठोसा कर, दाब कर. तरंगणं तुला नाही जमायचं, तुझं अंग कामगाराचं आहे." कुणी हसलं नाही. उलट सगळ्यांनी समजुतीनं माना हलवल्या, आणि ते जास्त लागलं. शेवटच्या दिवशीच्या नाटुकल्यात मला हमाल दिला. आमच्या शेजारच्या वस्तीतल्या पोरालाही हमालच दिला. दोन हमाल.

आता माझं काम काय आहे ते ऐका. रिंग फ्रेमवर एकेक चाती मिनिटाला पंधरा हजारांच्या वर फिरते. धागा तुटला की चाती थांबवायची, बॉबिन उचलायची, टोक शोधायचं, बारक्या ट्रॅव्हलरमधून ओवायचं, बॉबिन परत बसवायची आणि पुढच्या रूळातून जो कापूस ढगासारखा बाहेर येतो त्याला ते टोक नुसतं लावायचं. नुसतं लावायचं. दाबलं तर तुटतं. ओढलं तर तुटतं. उशीर केला तर कापूस वाया. जोर बिलकूल नाही, झटका आहे, नेम आहे. लाबानच्या हिशेबात हे टिपणं झालं, हलक्यातलं हलकं. एका पाळीत किती वेळा करतो ते मोजत नाही. आणि दोन साच्यांच्या मधल्या बोळातून आठ तास चालतो ते सरकणं आहे. पाय आपटत चालणारा सायडर दोन तासांत बसतो. कामगाराचं अंग जड असतं हे ज्यांनी काम बघितलं नाही त्यांचं म्हणणं आहे. त्यांनी गिरणी बघितली ती पोस्टरवर, हातोडा धरलेली.

गंमत अशी, की लाबाननं हे स्वतः बघितलं होतं. शिबिरात हे कुणी सांगितलं नाही, मला नंतर वाचून कळलं. हा माणूस 1879 साली प्रेसबुर्ग, म्हणजे आजच्या ब्रातिस्लाव्हात जन्मला. बाप लष्करी अधिकारी. पोरगा नाचाच्या नादी लागला, जर्मनीत मोठा झाला, 1928 साली नाच कागदावर लिहायची लिपी काढली. 1938 साली इंग्लंडात पोचला. दुसऱ्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि कारखान्यांत बाया आल्या, तेव्हा एफ. सी. लॉरेन्स नावाच्या मँचेस्टरच्या सल्लागारानं त्याला कारखान्यांत नेलं. मँचेस्टर! आपल्या कापसाचा बाजार मांडणारं गाव. तिथं त्यानं बायांना अवजड टायर हलवताना बघितलं आणि म्हणाला, बाहूंच्या जोरावर उचलू नका, अंगाला झोका देऊन त्या झोक्यावर उचला. 1947 साली दोघांनी मिळून त्यावर पुस्तक लिहिलं. नटांसाठीचं पुस्तक त्यानंतर, 1950 साली आलं. म्हणजे आज शिबिरांतून फी घेऊन जे शिकवतात त्यातला बराच ऐवज कामगार बायांच्या अंगावरून उचललेला आहे. आणि तोच आम्हाला परत देताना म्हणतात, तुला जमायचं नाही.

पण म्हणून लाबानला डोक्यावर घेऊन नाचायचं कारण नाही. लॉरेन्स कुणाचा सल्लागार होता? मालकांचा. बाईला कमी थकवा येतो हे खरं, आणि ती जास्त टायर हलवते हेही खरं. वरचे टायर कुणाच्या खिशात गेले ते विचारायला नको. दुसरी गोष्ट याहून काळी आहे. हिटलर आला तेव्हा हा बर्लिनच्या सरकारी ऑपेरात नाचाचा प्रमुख होता. 1933 साली तिथल्या बालवर्गातून आर्य नसलेली पोरं काढून टाकली गेली, ती याच्याच हाताखाली. पुढं गोबेल्सच्या खात्याच्या पैशावर नाचाचे महोत्सव केले. 1936 साली ऑलिंपिकच्या वेळी त्यानं मोठा समूहनाच बसवला, गोबेल्सनं तालीम बघितली आणि तो बंद पाडला. तेव्हा कुठं याची पाठ फिरली. मित्रहो, पोरांना वर्गाबाहेर बसवणं म्हणजे काय हे आपल्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही. बाबासाहेबांचं गोणपाट आपल्याला पाठ आहे. म्हणून मी म्हणतो, या माणसाकडून हत्यार घ्यावं, दीक्षा घेऊ नये. हत्यार मात्र चांगलं आहे. तिकडं इंग्लंडात जोन लिटलवुडच्या थिएटर वर्कशॉपनं ते कामगारांच्या नाटकासाठी वापरलं. आपण का टाकायचं?

आता मुद्द्याला येतो. हे हत्यार एवढंच शिकवतं, की आकार एक असला तरी हालचाल एक नसते. वाकणंच घ्या. विहारात मी पंचांग प्रणाम करतो, वाकतो. आई भाताच्या रोपणीला जायची, दिवसभर वाकलेली. मी डॉफिंगची ट्रॉली ढकलतो, वाकतो. आणि पाटलाच्या वाड्यासमोर पणजा वाकत होता. फोटो काढला तर चारही पाठी सारख्या दिसतील. पण प्रणामातलं वाकणं हलकं, सावकाश, मोकळं असतं. कुणी मागितलेलं नसतं. रोपणीच्या वाकण्यात कमरेखाली जोर आणि बोटांना टिपणं असतं. ट्रॉलीत दाब. आणि पणजाच्या वाकण्यात? मला माहीत नव्हतं. न माहीत असताना मी ते करून दाखवलं, आणि पोरं हसली.

म्हणून मी आजीला विचारलं, तुझा सासरा कसा उभा राहायचा वाड्यासमोर? आधी हसली, "काय बी इचारतंय," म्हणाली. मग उठली. पदर सारखा केला. आणि मित्रहो, ती वाकलीच नाही. पाठ जवळजवळ सरळ. तिनं दोन्ही कोपर पोटाला चिकटवले. खांदे आत घेतले. एक पाय मागं, आणि अंगाचा भार सगळा त्या मागच्या पायावर, पंजा परतीच्या वाटेकडं वळलेला. तोंड वाड्याकडं आणि पाय घराकडं. नजर त्याच्या जोड्यांवर. श्वास धरलेला. दहा सेकंद उभी राहिली असेल, घरातली हवा बदलली. मग म्हणाली, "वाकायचं न्हवतं रं. अंग चोरायचं. आपली सावली बी आपल्याच पायाखाली ठेवायची."

अंग चोरणं. लाबानच्या आठ शब्दांत हा शब्द नाही. जवळचा म्हणाल तर ते आवळून धरलेलं वाहणं, पण त्याहून बारीक आहे. हालचाल दिसूच नये म्हणून केलेली हालचाल. तिला जागा नको असते, कारण जागा तिची नसते. आणि हाच शब्द गिरणीत दुसऱ्या अर्थानं येतो. मुकादम म्हणतो, "अंगचोर साला." म्हणजे काम टाळणारा. वाड्यापुढं अंग चोरलं नाही तर मार, साच्यापुढं अंग चोरलं तर दंड. एकाच अंगाकडून दोन मालकांनी दोन उलट्या गोष्टी मागितल्या. यावर कुणी नाटक लिहिलं तर मी फुकट काम करीन.

हे आपोआप झालं असं समजू नका, याचे नियम होते. बाबासाहेबांनी 1936 साली 'जातिभेद निर्मूलना'च्या भाषणात लिहिलंय, पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्यानं कमरेला झाडू बांधायचा, गळ्यात मडकं अडकवायचं. हे नुसते अपमान म्हणून वाचू नका, हालचाल म्हणून वाचा. झाडू बांधला की पाऊल लांब टाकता येत नाही. मडकं अडकवलं की मान ताठ ठेवून पळता येत नाही. अंगाला वळण लावायची ती यंत्रं होती. आणि नाट्यशास्त्र! सगळे पंडित ज्याला नटांचा वेद म्हणतात त्यात चालण्याचा अख्खा अध्याय आहे. उत्तम पात्रानं चार ताल अंतराचं पाऊल टाकावं, मध्यमानं दोन, बाईनं आणि नीच पात्रानं एक. ताल म्हणजे इथं वीतभर माप. राजाला चार विती, आम्हाला एक. वेळ पण तशीच वाटलेली, वरच्याला सावकाश चालायला भरपूर, खालच्याला थोडी. तेव्हा 'शरीराची भाषा वैश्विक असते' असं शिबिरात कुणी सांगायला लागलं, तर त्याला पहिल्यांदा ही वीत मोजायला लावा. शास्त्र लिहिणारे मात्र बघणारे होते, हे मान्य करायला पाहिजे. पाऊल आखूड का पडतं हे त्यांनी सांगितलं नाही, पण आखूड पडतं हे बघितलं होतं. आम्ही तेही बघत नाही.

आता सिनेमा. नागराज मंजुळेचा 'फँड्री', 2013 चा. तुम्ही सगळ्यांनी बघितलाय. चर्चा होते ती शेवटच्या दगडाची. मला त्याच्या आधीचं बोलायचंय. किशोर कदमनं केलेला बाप, कचरू, बघा. एवढा कसलेला नट, मोठ्या रंगभूमीवरचा, पण त्यानं कुबड काढलेलं नाही. गावातल्या माणसापुढं तो अंग चोरतो, आणि घरात, पोरावर ओरडताना, तेच अंग पसरतं. माणूस तोच, जागा बदलली की आकार बदलतो. माझा म्हातारा बायकोशी बोलतानाही वाकलेलाच होता. म्हणजे मी माणूस केला नव्हता, रोग केला होता.

आणि सोमनाथ अवघडे, जब्या. हे पोरगं शिबिरातून आलेलं नाही. जत्रेत नाचणारा जब्या आठवा, आणि मग डोक्यावर बत्ती घेऊन उभा असलेला जब्या आठवा. नाचताना अंग मोकळं वाहतंय, हातपाय कुठंही जातायत. बत्ती डोक्यावर आली की मान खिळली, डोळे फक्त हलतात. संवाद नाही. दुसऱ्याच्या नाचण्यावर उजेड पाडायला एका पोराचं नाचणं थांबवायचं, हे मानेवरून कळतं. यावर दहा पानी कविता मी लिहिली असती आणि फाडली असती.

मग राष्ट्रगीत. अख्खं कुटुंब डुकरामागं धावतंय, शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं, सगळे थांबतात, डुक्कर निसटतं. थिएटरात लोक हसले. मीही हसलो. पण हे थांबणं आणि वाड्यापुढचं थांबणं शेजारी ठेवून बघा. ताठ उभं राहणं इथं शिकवलेलं आहे, शाळेनं. अंग चोरणं शिकवलं गावानं. एकाच पोराच्या अंगात दोन्ही शाळा आहेत आणि डुक्कर दोन्हींच्या मधून पळून जातं. इथं हसणं आमच्या पथनाट्यासारखं नाही. आपण कुटुंबाला हसत नाही, त्या घडीला हसतो आणि हसून झाल्यावर घसा कोरडा पडतो.

दगड मला यामुळं पटतो. तो ठोसा नाही. नेम धरून, पवित्रा घेऊन मारलेला नाही. फटकारा आहे तो. इतका वेळ आवळून धरलेलं अंग एकदम सुटलं की नेम राहत नाही, म्हणून तो कॅमेऱ्यावर येतो, तुमच्या आमच्यावर येतो. आधी तासभर अंग चोरलेलं दाखवलं नसतं तर त्या दगडाला वजन आलं नसतं.

आणि आपण काय करतो? पहिल्या मिनिटापासून मुठी. गोल करून उभे राहतो, घोषणा, मूठ वर. ठोसा, ठोसा, ठोसा. अत्याचार दाखवायचा, कुबड. क्रांती दाखवायची, ठोसा. दोनच हालचाली. गावोगावच्या आपल्या गटांची पथनाट्यं बघितली, सगळीकडं हेच. पंधराव्या ठोशाला म्हातारी माणसं पान लावायला लागतात. हे मी चळवळीच्या विरोधात बोलत नाही. आमच्या गटातला एक कार्यकर्ता, माझ्याहून जास्त वाचलेला, मला म्हणाला, "गती-बिती हे प्रस्थापितांचं सौंदर्यशास्त्र आहे. आपल्याला विचार पोचवायचा आहे." मी म्हणालो, दादा, विचार तोंडानं पोचवलास आणि अंगानं उलटा पोचला. तोंड म्हणत होतं पणजावर अन्याय झाला. अंग म्हणत होतं पणजा विदूषक होता. पोरांनी अंगाचं ऐकलं. तो गप्प बसला, पण त्याला पटलं असं म्हणत नाही.

'कोर्ट' सिनेमात वीरा साथीदारांनी लोकशाहीर केला. स्वतः आयुष्यभर चळवळीतले, व्यवसायानं नट नव्हेत. 2021 साली गेले. स्टेजवर गाताना बघा त्यांना, आणि कोर्टात उभं राहिलेलं बघा. कोर्टात मूठ नाही, छाती नाही, काही नाही. थकलेला माणूस सावकाश उत्तर देतो. पण अंग चोरत नाही! सावकाश, कमी जोराचं, आणि तरी स्वतःच्या जागेत उभं असलेलं. विद्रोहाचं हे उभं राहणं आपल्या एकाही पथनाट्यात मी बघितलेलं नाही.

तमाशाबद्दल बोललो नाही तर तुम्ही विचाराल. मला यात गोंधळ आहे, तो तसाच मांडतो. असं सांगतात की पठ्ठे बापूरावांनी देऊ केलेले पैसे बाबासाहेबांनी नाकारले, आपल्या बाया नाचवून मिळवलेले म्हणून. भीमराव कर्डकांच्या जलशानं तमाशाचा साचा घेतला आणि त्यातली लाचारी टाकली. हे बरोबरच होतं. पण टाकताना अंगही टाकलं का, असं मला कधी कधी वाटतं. विठाबाई नारायणगावकर 2002 साली गेल्या. त्यांच्या पायातलं वजन, थांबणं, मानेचं झटकणं, हे ज्ञान होतं आणि ते आमच्याच वस्त्यांतलं होतं. त्या ज्ञानाची किंमत कुणी ठरवली, पैसे कुणी कमावले आणि बदनामी कुणाच्या वाट्याला आली, हा हिशेब शैलजा पाईकांनी 2022 च्या पुस्तकात मांडलाय, मिळवून वाचा. मी बाईला परत फडावर नाचवा असं म्हणत नाही. पण आमच्या गटातल्या पोरींना आम्ही पथनाट्यात फक्त रडायला किंवा मूठ वर करायला ठेवतो, आणि लग्नाच्या वरातीत त्याच पोरी काय नाचतात! ते नाचणं नाटकात आणायला आम्ही घाबरतो. का घाबरतो, ते पोरींनी लिहावं.

ब्राझीलचा ऑगस्तो बोआल म्हणून गेला. त्यानं लिहिलंय की काम माणसाच्या स्नायूंना वळण लावतं, म्हणून नाटकाआधी ते वळण ओळखायचं, मग सोडवायचं. हे आम्ही आता करतोय. रविवारी समाजमंदिरात जमतो. पहिला तास भाषण नाही, घोषणा नाही. ज्यानं त्यानं आपल्या कामाची हालचाल करून दाखवायची. पॉवरलूमवाला, वीटभट्टीवाली, मेडिकल दुकानात गोळ्या मोजणारा, डिलिव्हरीवाला. मग दुसऱ्यानं ती करायची. डिलिव्हरीवाल्याचं दारात उभं राहणं बघून आम्ही सगळे गप्प झालो. एक पाय मागं, पंजा जिन्याकडं, नजर ग्राहकाच्या चपलांवर. त्याला आजीबद्दल काही माहीत नव्हतं.

म्हातारा परत बसवतोय. कुबड काढून टाकलं. पण मागच्या पायावर भार ठेवून पुढं तोंड करून बोलणं फार अवघड आहे, आवाजच फुटत नाही, पोट आवळतं. बहुतेक तेच खरं असावं. गेल्या रविवारी आजी येऊन कोपऱ्यात बसली. मी तीनदा केलं. दोनदा तिनं नुसती मान हलवली. तिसऱ्यांदा म्हणाली, "पाय आता बराबर हाय. पर कोपर सुटतंय तुझं. त्येला काय वाटंल, ह्यो हात उगारतोय का काय."